वारा शिरणार नाही अशी शिवण

७ नोव्हेंबर

आजपासून होडीवर राहायला आले. आले म्हणजे बळंच आले. वहिनींनी या म्हटलं नाही, नको असंही म्हटलं नाही. पिशवी हातातून घेतली, दादाच्या बाकावर ठेवली आणि "चहा घेणार का, वन्सं?" एवढंच विचारलं. उशीचा अभ्रा अजून त्याचाच आहे. मी उशी उलटी करून घेतली.

दादाने जाण्याआधी माझ्याकडून वदवून घेतलं होतं की हिवाळ्यात तिला एकटी ठेवू नकोस, तिची छाती नाजूक आहे. मी म्हटलं होतं, माझ्या घरी नेईन. पण बाईसाहेब होडी सोडायला तयार नाहीत. मग काय, माझ्या दोन खोल्यांच्या गरम घराला कुलूप लावून मीच या डबीत आले. डबीच आहे. उभं राहिलं की डोकं छताला आणि पाय पसरले की शेगडीला. ओल इतकी की काडेपेटीतली काडी पेटत नाही. वहिनी पहाटे खोकायला लागतात त्या उजाडेपर्यंत. मागच्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला होता. डॉक्टर म्हणालेत, पुन्हा झाला तर या वयात काही सांगता येत नाही.

दादा गेला त्या दिवशी हिच्या डोळ्यातून टिपूस आलं नाही. लोक मला सावरत होते, मला, बहिणीला. आणि ही धक्क्यावर दोर गुंडाळत बसली होती. मी कधी बोलून दाखवलं नाही. विसरलेही नाही.

१० नोव्हेंबर

हीटर घ्यायचा ठरलं. मी ठरवलं. वहिनी म्हणाल्या, "तुमच्या भावाने इतकी वर्षं काढली हीटरशिवाय." मी म्हटलं, म्हणूनच तो आता नाही. शब्द तोंडातून गेला तो गेला. त्यांनी कप विसळला आणि पुन्हा विसळला.

१४ नोव्हेंबर

फिटर आला. माणूस बोलतो असं की समोरचा बहिरा आहे. पण काम चोख.

हीटर प्रोपेनवर चालणारा, बुटांच्या खोक्याहून जरा मोठा, भिंतीला बसवला. सिलेंडर मात्र आत नाही. मागच्या बाजूला उघड्यावर पेटी आहे, तिच्यात. पेटीच्या तळाला त्याने बाहेर पाण्याकडे उघडणारं भोक पाडलं. म्हणाला, हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर पाण्यासारखा होडीच्या तळाशी जाऊन बसतो आणि एका ठिणगीची वाट बघतो, म्हणून त्याला बाहेर जायला वाट हवी. मग सगळ्या सांध्यांवर ब्रशने साबणाचं पाणी लावलं. एका ठिकाणी बारीक फुगा आला. त्याने तो सांधा आवळला, पुन्हा पाणी लावलं, पुन्हा बघितलं. माझ्यासारखाच आहे, एकदा बघून समाधान होत नाही.

मग आम्हा दोघींना बाकावर बसवून शाळा घेतली. हवा आत यायला भिंतीत खाली एक जाळी, वर एक जाळी, दोन्ही कधी बुजवायच्या नाहीत. झोपताना हीटर बंद. जळका वायू नळीतून होडीच्या कडेला बाहेर पडतो, त्या तोंडापाशी वारा खेळला पाहिजे. त्या वायूला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. म्हणून वहिनींच्या बाकाशी अलार्म लावला. "हा वाजला की काही विचार करायचा नाही. हीटर बंद, दार उघड, बाहेर."

तो गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "सासूबाईंनीही एवढे नियम घातले नव्हते." मला हसू आलं. दादा गेल्यापासून आम्ही दोघी एकाच गोष्टीवर हसलो असं आठवत नाही.

१७ नोव्हेंबर

संध्याकाळी छान ऊब. वहिनींनी शाल काढून ठेवली. पण झोपताना बंद करतो, त्यामुळे पहाटे पुन्हा सगळं गारठगार आणि पुन्हा तो खोकला. कुणी म्हणेल रात्रभर चालू ठेवा. नाही. नियम म्हणजे नियम. ऊब टिकवायची तर दुसरा उपाय हवा, आणि तो उपाय माझ्या हातात आहे. जन्मभर दुसरं केलंय काय.

२० नोव्हेंबर

दुकानात मालकाला सांगून जाड मेणकापड कापून घेतलं. दुकानातल्या अर्ध्या छत्र्या, तंबू, गाड्यांची आवरणं माझ्या हातची आहेत. आता अर्धा दिवसच जाते, पण मालक अजून अवघड कोपरा आला की माझ्याकडेच आणतो. माझ्या शिवणीतून वारा जात नाही हे सगळा बाजार सांगेल.

एक बाई सांगणार नाही. त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी वहिनींना पिशवी शिवून दिली होती, दुहेरी तळाची, कडेला पट्टी लावून. तिने त्यात कांदे भरले. अजून कांदेच आहेत तिच्यात, शेगडीखाली टांगलेली. टाका एक सुटलेला नाही म्हणा.

२६ नोव्हेंबर

आवरण चढलं. पुढच्या टोकापासून मागच्यापर्यंत अख्खी होडी झाकली, दोन्ही बाजूंना झालर पार पाण्यापर्यंत. धक्क्याच्या बाजूला आकड्यांचं दार. वहिनींना पाणी बघायला हवं असतं म्हणून पलीकडे कापडात खिडकीही ठेवली, वर गुंडाळता येईल अशी. शेजारच्या होडीवरचा कॅप्टन (सगळे कॅप्टन म्हणतात, जन्मात होडी धक्क्यावरून हलवलेली नाही) बाहेर येऊन बघत राहिला. म्हणाला, "बाई, तुम्ही तर होडीला कोट शिवलात."

हीटरच्या नळीचं तोंड कडेला आहे, तिथे कापड भाजायला नको म्हणून आतून लोखंडी कांब वाकवून घातली आणि कापड चांगलं वीतभर लांब धरलं. वारा खेळायला वीतभर जागा पुष्कळ झाली.

आणि एक गंमत. संध्याकाळी हीटर लावल्यावर बघते तर केबिनबाहेरचा, कडेने चालायचा पट्टासुद्धा ऊबदार. आजवर जी ऊब बदकांना जात होती ती झालरीच्या आत राहते. कापडाला आतून हात लावला तर कोमट, ओलसर. एका हीटरमध्ये दोन खोल्या झाल्या. वहिनींना दाखवलं. त्या "हं" म्हणाल्या.

हं.

३० नोव्हेंबर

खोकला निम्म्यावर आला. पहाटे दोनदाच. गालांवर रंगही आलाय वहिनींच्या. डॉक्टरांना दाखवायला हवं म्हणजे त्यांना कळेल औषध कशाला म्हणतात.

पण कौतुक सोडाच, दुपारी दुकानातून आले तर हीटर चालू, खिडकी वर गुंडाळलेली, आत वारा भणाणतोय, आणि ह्या शालीत गुरफटून त्या वाऱ्यातच बसलेल्या. विचारलं तर म्हणे डोकं जड झालं होतं, कोंडल्यासारखं होतं. मी म्हटलं, थंडी घालवायला एवढा आटापिटा केला तो तुम्ही थंडी आत बोलवावी म्हणून? त्या म्हणाल्या, "तुम्ही काही दिवसभर इथे नसता, वन्सं."

टोमणा कळला मला. मी नसते तेव्हाच बरं असतं, असं.

३ डिसेंबर

वय कुणाला चुकलंय, पण वहिनींचं आता जरा जास्तच. काल चहात मीठ घातलं. आज दूध शेगडीवर ठेवून त्याच्याकडे बघत उभ्या, ते उतू जाऊन वाहतंय तरी उभ्याच. मला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारली. ती जाऊन किती वर्षं झाली.

माझंही डोकं संध्याकाळी दुखतं. चष्म्याचा नंबर बदलला असणार. दुकानात गेलं की थांबतं. तिथे उजेड चांगला आहे.

५ डिसेंबर

आज नवीनच. म्हणे दुपारी अलार्म वाजला. किती वेळ वाजत होता? "माहीत नाही. मी खिडकी उघडली, मग थांबला." मी बटण दाबून बघितलं, व्यवस्थित टीं टीं करतो. खालची जाळी बघितली, वरची बघितली, मोकळ्या. सिलेंडरच्या सांध्यांना मी स्वतः साबणाचं पाणी लावलं, एक फुगा नाही. म्हटलं, वहिनी, सगळं ठीक आहे. तर म्हणाल्या, "हे कापड काढा. आधी बरं होतं."

म्हणजे दुखणं कुठे आहे ते कळलं. हीटर चालतो, मी चालते एक वेळ, पण माझ्या हातचं काही डोक्यावर नको. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. मी रागाने बोलले. म्हटलं, दादासाठी तुमच्या डोळ्यात पाणी आलं नाही, निदान त्याने मला जे सांगितलं ते तरी मला करू द्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी म्हणणार होत्या. मग बाकाला धरून हळूहळू खाली बसल्या आणि डोळे मिटले.

फिटरला फोन करावा असं आलं होतं मनात. पण तो पुन्हा बहिऱ्याशी बोलल्यासारखा बोलेल, म्हणेल बायकांना बटणं कळत नाहीत. नाही केला.

८ डिसेंबर, रविवार

दिवसभर घरात. म्हणजे होडीतच. थंडी कडक आणि वाऱ्याचं नाव नाही, धक्क्यावरचे झेंडे काठीला चिकटलेले. हीटर सकाळपासून लावला.

दुपारी माझ्यासमोरच वाजला. कानठळ्या बसवणारा आवाज. मी हीटर बंद केला, आकडे काढले, दोघी धक्क्यावर उभ्या राहिलो, पायात नीट चपलाही नाहीत. मला भडभडून उलटी झाली. सकाळचं दूध नासकं असणार, वहिनींनी तापवलं होतं. कॅप्टन बाहेर आला. म्हणाला, "अहो, माझा तर टोस्ट करपला तरी बोंबलतो. मी कधीच सेल काढून टाकलेत." मग माझ्या लक्षात आलं. आत सकाळपासून धुतलेले कपडे वाळत घातलेत, सगळीकडे वाफ. अलार्ममध्ये ओल गेली असणार. थोड्या वेळाने परत आलो तर गप्प.

पुन्हा हीटर लावला, पुन्हा वाजला. सेल काढले आणि खणात ठेवले. या आठवड्यात नवीन आणीन.

मग खिडकीचं काम केलं. वहिनी आज बाहेर थंडीत उभ्या राहिल्या आणि लगेच छातीतून तो घरघर आवाज, मागच्या हिवाळ्यातला. मी तो आवाज ओळखते. डॉक्टरांचे शब्द आठवले. ही रोज माझ्या मागे खिडकी उघडून बसणार आणि न्यूमोनिया घेऊन बसणार, मग मी दादाला काय तोंड दाखवू? सुई घेतली आणि गुंडाळायची पट्टी चारही बाजूंनी शिवून टाकली. जाड दोरा, दुहेरी टाका.

वहिनी बघत होत्या. "कशाला हो," म्हणाल्या, अगदी बारीक आवाजात. मी म्हटलं, "तुमच्याचसाठी." वाद घालायला लागल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१० डिसेंबर

काल.

दुकानातून आले. आकडे काढून आत पाय टाकला तर काय सुरेख ऊब. मला पहिल्यांदा हेच वाटलं, हेच, की किती सुरेख ऊब आहे.

वहिनी केबिनमध्ये नव्हत्या. बाहेरच्या पट्ट्यावर, खिडकीखाली पडल्या होत्या. हातात माझी कात्री. चार टाके उसवले होते. माझे टाके सहज उसवत नाहीत.

ओढत धक्क्यावर आणलं. कॅप्टनला हाक मारली. रुग्णवाहिका आली. श्वास चालू आहे. मला वॉर्डात जाऊ देत नाहीत.

१३ डिसेंबर

जिवंत आहेत. मास्क लावून दिवसरात्र ऑक्सिजन चालू होता, आज काढला. डोळे उघडले. मला ओळखलं, "वन्सं" म्हणाल्या. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

१४ डिसेंबर

फिटर होडीवर आला होता, सोबत तपासणीची माणसं. मलाही बोलावलं. मनात मी सगळी भाषणं तयार केली होती, तुझा हीटर, तुझा अलार्म. त्याने आतून झालर उचलून धरली. नळीच्या तोंडासमोर माझ्या कापडावर परातीएवढा ओला, काळपट डाग. तिथून कापडाच्या आतल्या बाजूने वर चढत गेलेला, आणि वरून सरळ त्या जाळीपर्यंत, जिथून केबिन हवा ओढते. बोटाने वाट दाखवावी इतका स्पष्ट.

"हे कुणी बसवलं?" त्याने विचारलं.

"मी."

तो जोरात बोलला नाही. म्हणाला, "म्हटलं होतं ना मी, इथे वारा खेळला पाहिजे." मग त्याने कापड सोडलं. जळका वायू बाहेर जायचा, झालरीत अडायचा आणि जाळीतून परत आत यायचा. खिडकी उघडी असली की निघून जायचा. जी ऊब मी बदकांकडून वाचवली ती ही होती.

त्यांनी अलार्म बघायला मागितला. मी खणातून सेल काढून दिले.

१९ डिसेंबर

डॉक्टर म्हणतात वहिनींचा मेंदू ऑक्सिजनवाचून बराच वेळ उपाशी राहिला. जुनं सगळं आहे. लग्न, सासूबाई, होडी घेतली तो दिवस, माझं लहानपण. गेलं वर्ष-दीड वर्ष मात्र पुसलं गेलंय, आणि नवीन काही टिकत नाही. महिन्यांनी थोडं परत येतं कुणाकुणाचं. कुणाचं येत नाही.

आज दुपारी मला विचारलं, "हे कुठे आहेत? आले नाहीत भेटायला?"

मी खरं सांगितलं. मला वाटलं खरं सांगणं बरं.

मी आयुष्यात कुणाला असं रडताना पाहिलेलं नाही. आवाज न करता, चादर दातात धरून, अख्खं अंग हलत होतं. मी हात लावला तर माझा हात घट्ट धरला आणि सोडला नाही. तर हे असं होतं. त्या दिवशी दोर गुंडाळून झाल्यावर केबिनचं दार लावून घेतलं असेल आणि हे केलं असेल, एकटीने. आणि मी बाहेर लोकांच्या गळ्यात पडत होते.

थोड्या वेळाने शांत झाल्या. झोपल्या. उठल्या आणि दाराकडे बघून म्हणाल्या, "हे कुठे आहेत?"

२३ डिसेंबर

रोज. कधी दिवसातून दोनदा. मी रोज सांगितलं, कारण खोटं बोलायला जीभ वळेना, आणि रोज ते पहिल्यांदाच कळल्यासारखं. आज नर्स मला बाजूला घेऊन म्हणाली, बाई, किती वेळा मारणार तुम्ही त्यांच्या नवऱ्याला.

४ जानेवारी

वहिनींना माझ्या घरी आणलं. इथे त्या निमूट आल्या, होडीचं नावही काढलं नाही. त्यांना वाटतं चार दिवस पाहुणे म्हणून आलोय. माझ्याशी किती गोड वागतात. पाच डिसेंबरला मी जे बोलले ते त्यांना माहीत नाही. खिडकी माहीत नाही. माफी मागायची सोयच राहिली नाही, मागितली तर म्हणतात, "कशाबद्दल हो, वन्सं?" सगळं सांगितलं तर ऐकतात, माझा हात थोपटतात आणि चहा होईतो विसरतात.

होडीवरून त्यांचं सामान आणायला गेले तेव्हा कांद्यांची पिशवीही आणली. ती हातात घेऊन त्यांनी उलटसुलट केली, तळ बघितला. म्हणाल्या, "ही पहिल्या वर्षी दिली होती तुम्ही. चांगली पिशवी आहे, म्हणून रोजच्या वापराला काढली. नाहीतर कपाटात पडून राहिली असती."

९ जानेवारी

दुकानात आवरणाचं कापड परत नेलं होतं, मालकाच्या आग्रहाने. म्हणाला, काम इतकं सुरेख आहे, डागाचा भाग कापून दुसऱ्या होडीला बसवू. मी मोठी कात्री घेतली आणि त्याच्यादेखत हातहातभर तुकडे केले. दुपारी एका छत्रीची कड शिवायला बसले तर दोरा ओवता येईना. चष्म्याचा नंबर बरोबर आहे, तपासून घेतला.

१२ जानेवारी

संध्याकाळी पुन्हा विचारलं, "हे कुठे आहेत?"

मी म्हटलं, "सिलेंडर आणायला गेलाय दादा."

पहिलं खोटं. किती सोपं गेलं. वहिनींचा चेहरा एकदम हलका झाला. म्हणाल्या, "हो का. मग उशीर होईल. त्या दुकानदाराशी गप्पा मारत बसतात." मग जरा वेळाने खिडकीकडे बघून, "ती उघडून ठेवा ना, वन्सं. ते धक्क्यावरून हाक मारतात. बंद असली की मला ऐकू येत नाही."

बाहेर कडाक्याची थंडी. छाती अजून नाजूकच आहे. मी त्यांना दोन रजया घातल्या, कानाला रुमाल बांधला, पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली, आणि खिडकी उघडली. दोन्ही झडपा, सताड.

त्या कान देऊन बसल्या आहेत. मी शेजारी बसून लिहिते आहे आणि बोटं वळत नाहीत. अजून बंद केलेली नाही.